जाळीचं वाण

"मी कॅरम बोर्ड घेऊन राहिले," चहाचा कप टेबलावर ठेवता ठेवता गोदावरीबाईंनी सांगितलं.

शरदचंद्र मोबाइलवर सोन्याचा भाव बघत होते. अधिक महिना लागला होता. लेकीला-जावयाला धोंडे खायला बोलवायचं होतं आणि जावयाच्या बोटात अंगठी घालायची होती. सोनं मात्र रोज सकाळी उठून वर चाललं होतं. त्यांनी भाव बघितला, घोटभर पाणी प्यायलं आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "घेऊ की. पुढेमागे."

आता हा 'पुढेमागे' काय प्रकार आहे ते सांगायला हवं. शरदचंद्रांनी लातूरच्या एका सरकारी कचेरीत एकतीस वर्षं कारकुनी केली होती, त्यामुळे घर चालवायचं म्हणजे यादी करायची हे त्यांच्या रक्तात होतं. ही यादी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला असायची. वर दोन मथळे. डावीकडं 'आधी', उजवीकडं 'पुढेमागे'. 'आधी'च्या खाली आजवर खूप काही येऊन गेलं होतं: बोअरची मोटर, उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर, गच्चीची गळती, लेकीचं शिक्षण, लेकीचं लग्न. 'पुढेमागे'च्या खाली अठ्ठावीस वर्षं एकच वस्तू होती, आणि दर डिसेंबरात शरदचंद्र ती वळणदार अक्षरात नव्या कॅलेंडरवर उतरवून घेत. कॅरम बोर्ड.

गोदावरीबाई लग्नाआधी नांदेडच्या कॉलेजात कॅरम खेळत. नुसत्या खेळत नव्हत्या, दोन वर्षं कप घेतला होता. राणी घेऊन तिच्या मागोमाग कव्हरची सोंगटी घालताना त्यांचं बोट कधी चुकलं नाही. लग्न झालं आणि ते बोट पोळ्या लाटण्यात गेलं. मधल्या काळात त्यांनी किती पोळ्या लाटल्या असतील देव जाणे, कारण गेली नऊ वर्षं त्या मेस चालवत होत्या. डॉक्टर व्हायला लातुरात येऊन राहिलेल्या सहा-सात पोरींचे दोन वेळचे डबे. त्या डब्यांचे पैसे यायचे आणि चालत चालत 'आधी'च्या रकान्यात जाऊन बसायचे.

तरी बाई गप्प होत्या. त्यांचं डोकं फिरलं ते मागच्या वर्षी. शरदचंद्रांना खोकला झाला, डॉक्टर म्हणाले, लांब श्वास घ्या, जमलं तर गाणं म्हणा, फुफ्फुसं मोकळी होतील. दुसऱ्या दिवशी घरात कमरेएवढा स्पीकर आला. चाकं असलेला, दोन माइकवाला, रंगीत दिवे लागणारा. चौदा हजारांचा. यादीत त्याची नोंद 'आधी'च्या खाली 'औषधपाणी' अशी झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी सहा ते आठ शरदचंद्र ते औषध घेत आणि गल्लीलाही पाजत.

म्हणून आज गोदावरीबाई म्हणाल्या, "पुढेमागे न्हाई. आज दुपारी."

"अगं, धोंड्याचा खर्च समोर हाय. लग्नाला दोन वर्षं झाली, पहिल्यांदाच जावई धोंड्याला येऊन राहिला."

"येऊ द्या की. जेवणखाण माझ्याकडं, लेक-जावयाचे कपडे माझ्याकडं. अंगठी तुमच्याकडं."

"ती माझीच जिम्मेदारी हाय," शरदचंद्र छाती काढून म्हणाले. "पण मी म्हणतो, सगळं पार पडू दे, उरलेल्यात बोर्ड बघू."

"अठ्ठावीस वर्षं उरलेलंच बघून राहिले मी. परीक्षा झाल्या, पोरी गावी गेल्या, शेवटच्या महिन्याचे पैसे माझ्या हातात हायत. ते माझ्या हातातून थेट दुकानदाराच्या हातात जाणार."

शरदचंद्रांनी कॅलेंडरकडं बघितलं.

दुपारच्या उन्हात गोदावरीबाई शेजारच्या गुरम्माला घेऊन गंजगोलाईच्या बाजारात गेल्या. गुरम्मा मूळची उदगीरची, बोलताना अधूनमधून कानडीत शिरणारी. त्या दोघी ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्रात कॅरम शिकायला-खेळायला म्हणून नाव घालून आल्या होत्या. पण तिथला एकुलता एक बोर्ड चार ते सात पुरुषांच्या ताब्यात असे. सातनंतर बायकांनी यावं, असा नियम होता, आणि सात वाजता केंद्राला कुलूप लावायचं, असाही नियम होता. जूनमध्ये जिल्ह्याची ज्येष्ठ महिलांची स्पर्धा होती. दोघींनी जोडीत नाव दिलं होतं आणि सरावाला बोर्ड नव्हता.

दुकानदारानं विचारलं, "नातवासाठी का, काकू?"

"माझ्यासाठी."

"मग छोटा दाखवतो. हलका, भिंतीला टेकवता येतो."

"मोठा दाखवा. स्पर्धेचा असतो तो."

त्यानं कुरकुरत मोठा बोर्ड काढला. गोदावरीबाईंनी पदर खोचला, चिमूटभर पावडर टाकली, स्ट्रायकर ठेवला आणि बोट ताणलं. काळी सोंगटी समोरच्या कडेला लागून परत आली आणि त्यांच्याच डाव्या हाताच्या जाळीत टप् करून पडली. दुकानदारानं पुढं काही विचारलं नाही, पावती केली. बाईंनी डब्याच्या पैशातून सात हजार आठशे मोजून दिले आणि रिक्षाच्या मागच्या सीटवर बोर्ड आडवा घालून, दोघी ड्रायव्हरच्या दोन बाजूंना बसून, भर उन्हात घरी आल्या.

त्यानंतरचे आठ दिवस बाईंच्या आयुष्यातले फार चांगले गेले. हॉलच्या मधोमध बुटक्या लाकडी स्टँडवर बोर्ड, कूलरचं वारं, समोर गुरम्मा. पहिले दोन दिवस बोट सुजलं. तिसऱ्या दिवशी राणी गेली. शरदचंद्र बोर्डाला वळसा घालून येत-जात आणि दर वेळी म्हणत, "लईच जागा अडवतंय हे." त्यांचा स्पीकर कोपऱ्यातून दिवे लुकलुकवत बघत असे.

आणि अंगठी? शरदचंद्र भाव उतरायची वाट बघत होते. "सोमवारी उतरणार हाय," ते सांगत. सोमवारी चढला. "परदेशात काहीतरी झालंय, बुधवारी पडंल." बुधवारी आणखी चढला. शुक्रवारी त्यांनी भाव बघणंच सोडलं. रविवारी धोंडे होते.

रविवारी सकाळी अकराला नांदेडहून गाडी आली. लेक मालविका, जावई सर्वेश आणि सर्वेशची आई सत्यशीलाबाई. विहीणबाई मूळच्या बिलोलीकडच्या, आणि कुठल्या दिवशी काय करावं, कशानं करावं, कुठल्या तोंडानं बसून करावं, हे सगळं त्यांना पाठ होतं. त्यात त्या कुणाची भीड ठेवत नसत, स्वतःच्या लेकाचीही नाही. चप्पल काढता काढताच त्यांनी सांगितलं, "विहीणबाई, मी सुनेला साडी घ्यायला लावली बरं का. अधिकात लेकीनं आईची ओटी भरावी. आधी जावयाचं वाण होऊ द्या, मंग लगेच ओटी भरून घेऊ."

सर्वेश सज्जन मुलगा होता. सासूबाईंच्या पाया पडला, सासऱ्यांच्या पाया पडला आणि सरळ कोपऱ्यात स्पीकरपाशी गेला. "मामा, याला इको केवढा आहे?" असं विचारून त्यानं माइकवर दोनदा हॅलो हॅलो केलं. दुसऱ्या हॅलोला त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते लग्नातसुद्धा आलं नव्हतं.

गोदावरीबाई स्वयंपाकघरात होत्या. पुरणाचे धोंडे वाफेवर होते, वाणाचे अनारसे झाले होते, जेवणाचे शेवटचे कढईत होते. त्यांनी आतून हाक मारली, "अहो, वाण मांडा. गुरम्माकडं आपला चौरंग गेलाय पूजेला, तो आणा. त्यावर तांब्याचं ताट, ताटात तेहेतीस अनारसे, बाजूनं बत्तासे. अन् अंगठी."

"हाव, हाव," शरदचंद्र म्हणाले आणि घामाघूम झाले. अंगठी नव्हती. ते चौरंग आणायला गेले तर गुरम्माच्या दाराला कुलूप, बाई देवळात गेलेली. परत येऊन तांब्याचं ताट काढलं तर त्यात एकवीस अनारसे मावले आणि बारा बाहेर राहिले. विहीणबाई पाटावर बसून त्यांच्या हाताकडं बघत होत्या. सरकारी नोकरीत माणूस एक गोष्ट शिकतो, साहेब समोर असला की हाताला लागेल त्या फायलीवर काम सुरू करायचं. हॉलच्या मधोमध बुटक्या स्टँडवर चांगलं गुळगुळीत, चौकोनी लाकूड मांडलेलंच होतं. शरदचंद्रांनी त्यावर केळीचं पान आडवं टाकलं, पानावर तेहेतीस अनारसे रचले, कडेनं बत्तासे मांडले आणि समईच्या दोन वाती लावल्या. दिसायला वाण झकास दिसलं.

गुरुजीसुद्धा त्यांनी सांगितले नव्हते. धोंड्याच्या महिन्यात गुरुजींचा भाव सोन्याच्या मागोमाग असतो. मोबाइलवर विधीची ध्वनिफीत होती, ती त्यांनी स्पीकरला जोडली. स्पीकर घनगंभीर आवाजात बोलू लागला. आचमन झालं, जावयाचे पाय धुतले, कुंकू लावलं. स्पीकर म्हणाला, "अधिक मासात जाळीदार, सच्छिद्र वस्तूंचं दान श्रेष्ठ मानलं आहे. आता हातात पाणी घेऊन, समोर मांडलेलं हे वाण पात्रासह जावयास दिलं, असं म्हणावं आणि उदक सोडावं."

शरदचंद्रांनी म्हटलं आणि पळीभर पाणी सोडलं. सर्वेशनं वाणाला हात लावला. पान जरा सरकलं, कडेचा एक बत्तासा सुटला, आठ दिवसांच्या पावडरीवरून सर्रकन गेला आणि कोपऱ्यात टप् करून दिसेनासा झाला.

तो आवाज गोदावरीबाईंच्या ओळखीचा होता. हातात झारा तसाच घेऊन त्या बाहेर आल्या.

"हे कशावर मांडलंय?"

"वाण हाय," शरदचंद्र हळूच म्हणाले.

"कशावर मांडलंय ते विचारलं मी."

एवढ्यात सत्यशीलाबाईंनी वाकून कोपऱ्यात बोटं घातली आणि जाळीतून बत्तासा बाहेर काढला. मग पान जरासं उचलून खालचा बोर्ड बघितला. चारही कोपरे बघितले. त्यांच्या तोंडावर समाधान पसरत गेलं. "अगंबाई, जाळी हाय की याला. चारी कोपऱ्याला जाळी. व्याही, तुम्ही तर शास्त्राला धरून वस्तू आणली. आमच्याकडं लोक अंगठी देतात, गोफ देतात. मी म्हणते, अंगठीला कुठली आली जाळी? नुसता दिखावा."

शरदचंद्रांची अवस्था शेवटची एसटी चुकलेल्या माणसासमोर ओळखीची जीप येऊन थांबावी तशी झाली. "हाव ना," ते म्हणाले. "मी तेच म्हणलं. अंगठी काय, कुणीबी देतं."

गोदावरीबाई नवऱ्याकडं बघत राहिल्या. सोमवारचा भाव, बुधवारचा भाव, शुक्रवारी बंद झालेला भाव, सगळं त्यांच्या ध्यानात आलं. अंगठी घरात आलीच नव्हती, आणि तिच्या जागी त्यांचा बोर्ड चालला होता.

"विहीणबाई, तो बोर्ड माझा हाय," त्या सरळ म्हणाल्या. "माझ्या डब्याच्या पैशांचा. मला खेळायला आणलाय."

सर्वेश गडबडीनं म्हणाला, "मामी, मग राहू द्या ना. मला काय करायचा आहे?"

"राहू कसा द्यायचा?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "उदक सोडलंय. पात्रासह म्हणलंय, मी माझ्या कानानं ऐकलं. दिलेलं वाण माघारी घेत्यात का कुठं? अन् तेबी अधिकात?"

मालविकानं आईचा दंड धरला आणि तिला स्वयंपाकघरात नेलं. दार लोटून ती कुजबुजली, "आई, कामून तमाशा करतेस सासूबाईंसमोर? जाऊ दे ना एक बोर्ड. मी सांगते बाबांना, तुला दुसरा घेऊ."

"कवा?"

"घेऊ ना," मालविका म्हणाली. "पुढेमागे."

नवऱ्याच्या तोंडून हा शब्द ऐकायची गोदावरीबाईंना सवय होती, त्याचं आता काही वाटत नव्हतं. पण हिच्या कॉलेजच्या फीसाठी त्यांनी सहाचे आठ डबे केले होते, हिच्या लग्नात हातातल्या पाटल्या मोडल्या होत्या, आणि त्यात एकदाही पुढेमागे म्हटलं नव्हतं. त्यांना रडू आलं आणि त्याहून मोठा राग आला. त्यांनी पदरानं डोळे पुसले, गॅस बंद केला, झारा ओट्यावर ठेवला.

"तुझी सासू शास्त्राची पक्की हाय ना?" त्यांनी विचारलं.

"लई पक्की."

"मंग चल बाहेर."

बाहेर गुरम्मा येऊन उभी होती, डोक्यावर चौरंग. "गोदक्का, चौरंग आणला," म्हणेपर्यंत तिची नजर वाणावर गेली. "अय्यो, बोर्डावर अनारसे? तेलकट होतंय की सगळं. मॅच तोंडावर हाय आपली."

"खाली ठेव चौरंग अन् बस," गोदावरीबाई म्हणाल्या. मग विहीणबाईंच्या समोर येऊन त्यांनी हात जोडले. "माझं चुकलं, विहीणबाई. तुमचं बरोबर हाय. दिलेलं माघारी मागू न्हाई."

शरदचंद्रांनी मोठा श्वास सोडला. फुफ्फुसांना फार बरं वाटलं.

"फक्त मला शास्त्र सांगा," गोदावरीबाई पुढं म्हणाल्या. "उदक सोडलं की वस्तू कुणाची?"

"जावयाची."

"म्हणजे लेकीची बी?"

"तिच्याबिगर त्याचं काय हाय? दोघांची जोडी लक्ष्मीनारायणाची. दोघांची वस्तू."

"मंग लेकीला वाटलं, ही वस्तू कुणाला द्यावी, तर देता येती?"

"न द्यायला काय झालं? तिची वस्तू, तिची मर्जी," सत्यशीलाबाई म्हणाल्या, आणि मग जरा सावध झाल्या. पण तोवर गोदावरीबाईंनी पाट ओढला होता. पूर्वेकडं तोंड करून त्या पाटावर बसल्या, पदर दोन्ही हातांनी पसरला आणि म्हणाल्या, "मालविका, अधिकात लेकीनं आईची ओटी भरावी. साडी राहू दे बॅगेत. तो बोर्ड घाल."

शरदचंद्र म्हणाले, "अगं, ओटीत बोर्ड कोण घालतं?"

"जाळीची वस्तू हाय. शास्त्राला धरून हाय," गोदावरीबाई म्हणाल्या. त्यांचे पसरलेले हात तसेच होते.

मालविका आईकडं बघत राहिली. मघाशी आपण काय बोलून बसलो ते तिला आता उमगलं असावं, कारण तिची मान खाली गेली. मग तिनं नवऱ्याकडं बघितलं. सर्वेश म्हणाला, "घाल ना. मी धरतो एका बाजूनं."

"थांबा," सत्यशीलाबाई म्हणाल्या. त्या डोळे मिटून विचार करत होत्या आणि सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते. "ज्यानं दान दिलं त्यालाच ती वस्तू परत देता येत न्हाई."

"दान यांनी दिलं," गोदावरीबाईंनी नवऱ्याकडं बोट केलं. "पळी यांच्या हातात होती. मी तर आत अनारसे तळून राहिले होते."

विहीणबाईंनी डोळे उघडले. "बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "बसतंय हे. भर गं ओटी."

अनारसे चौरंगावर गेले. सव्वीस किलोचा बोर्ड मालविकानं एका बाजूनं आणि सर्वेशनं दुसऱ्या बाजूनं उचलला आणि गोदावरीबाईंच्या मांडीवर टेकवला. गुरम्मानं पुढं होऊन त्यावर तांदूळ घातले, नारळ ठेवला. नारळ गडगडत निघाला तो सत्यशीलाबाईंनी अडवला. मालविकानं आईला कुंकू लावलं आणि कानात म्हणाली, "चुकलं माझं." बाईंनी बोर्डाखालून हात काढून लेकीचा गाल चाचपला.

इथं खरं तर सगळे जेवायला बसायचे. पण सत्यशीलाबाई उठल्या नाहीत.

"ओटी झाली," त्या म्हणाल्या. "पण माझ्या लेकाच्या वाणाचं काय? त्याच्या हाती नुसते अनारसे ऱ्हायले."

"अंगठीचं आमच्या मनात हायच," शरदचंद्र अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत म्हणाले. "भाव जरा उतरू द्या. पुढच्या महिन्यात हमखास."

"पुढचा निज महिना. अधिकातलं वाण निजात चालत न्हाई. परत अधिक येईल तीन वर्षांनी."

"मंग तीन वर्षांनी," शरदचंद्रांच्या तोंडून निघून गेलं.

गोदावरीबाई अजून पाटावरच होत्या, मांडीवर बोर्ड घेऊन. त्यांना उठता येत नव्हतं आणि उठायची घाईही नव्हती. "विहीणबाई," त्या म्हणाल्या, "जाळीची वस्तू घरात अजून एक हाय. याच्या चार कोपऱ्यांना जाळी, तिचं तर अख्खं तोंडच जाळीचं."

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडं वळल्या. स्पीकर दिवे लुकलुकवत उभा होता. सत्यशीलाबाई उठल्या, जवळ गेल्या, समोरच्या लोखंडी जाळीवरून बोट फिरवलं. मग माइक उचलून त्याचं डोकं बघितलं. "याला बी हाय," त्या म्हणाल्या. "दोन्हीला हाय."

"ते औषध हाय माझं," शरदचंद्र म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. "डॉक्टरनं सांगितलंय. यादीत लिहिलंय बघा, औषधपाणी."

"औषध दान करायला शास्त्रात मनाई कुठं हाय? उलट लई पुण्याचं."

"जावयाला कशाला बिचाऱ्याला ओझं? एवढं धूड नांदेडपर्यंत कसं नेणार?"

"न्हाई मामा, ओझं कसलं? पण तुमची तब्येत..." असं म्हणता म्हणता सर्वेशनं स्पीकरची वायर भिंतीतून काढून नीट गुंडाळलीसुद्धा होती.

शरदचंद्रांनी बायकोकडं बघितलं. बायकोनं पंचपात्रीकडं बघितलं. विधीची ध्वनिफीत आता बंद झाली होती, त्यामुळे पुढचं सगळं सत्यशीलाबाईंनी स्वतः तोंडानं म्हटलं, आणि पात्रासह हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला, म्हणजे दोन्ही माइक त्यात यावेत. शरदचंद्रांनी पळी उचलली. अर्धं पाणी चटईवर सांडलं, पण विहीणबाई म्हणाल्या, चालतंय.

मग जेवणं झाली. धोंडे फार छान झाले होते असं सगळेच म्हणाले. शरदचंद्रांनी दोन धोंडे खाल्ले, चव विचारल्यावर मान हलवली.

उन्हं उतरल्यावर नांदेडची गाडी निघाली. मागच्या सीटवर सत्यशीलाबाई, त्यांच्या शेजारी पट्टा बांधून स्पीकर. गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आतच आतून सर्वेशचा आवाज आला, इकोसकट. आवाज बरा होता, सासऱ्यापेक्षा तर बराच बरा.

घरात सहा वाजले. या वेळेला शरदचंद्र रोज माइक हातात घ्यायचे. आज ते खुर्चीवर बसून रिकाम्या कोपऱ्याकडं बघत होते. बोर्ड पुसून, पावडर टाकून पुन्हा स्टँडवर आला होता. गुरम्मा पांढऱ्या घेऊन बसली होती, गोदावरीबाई काळ्या.

चार सोंगट्या गेल्यावर शरदचंद्र म्हणाले, "मी काय म्हणतो, मोठा नको. एखादा छोटा स्पीकर पाहावा म्हणतो. एका माइकवाला. फुफ्फुसाचं पुन्हा दुखणं नको."

गोदावरीबाईंनी स्ट्रायकर खाली ठेवला. उठून स्वयंपाकघरात गेल्या, कॅलेंडर खिळ्यावरून काढून घेऊन आल्या आणि बोर्डाच्या कडेवर उलटं ठेवलं. उजवीकडच्या रकान्यात नवऱ्याच्या वळणदार अक्षरात कॅरम बोर्ड लिहिलेलं होतं. त्यावर त्यांनी सावकाश आडवी रेघ मारली, आणि तिच्या खाली आपल्या अक्षरात लिहिलं, स्पीकर, छोटा.

"घेऊ की," त्या म्हणाल्या, कॅलेंडर नवऱ्याच्या हातात दिलं आणि राणीवर नेम धरला.